गाडी उभी असताना

सिग्नल लाल झाला तेव्हा तिने गिअर न्यूट्रलला आणला, डावा पाय क्लचवरून उचलला आणि बाजूला खाली नीट टेकवला. कुणी सांगितलं नव्हतं. गेले तीन आठवडे प्रत्येक सिग्नलला ती क्लच घट्ट दाबून, पहिला गिअर टाकूनच, शर्यतीच्या रेघेवर उभ्या असलेल्या पोरीसारखी दम धरून बसायची. दिवा हिरवा झाल्यावर गाडी बंद पडली तर मागचे लोक काय म्हणतील, या धास्तीने तिच्या पोटरीत गोळे यायचे. आज पाय आपणहून उचलला गेला. सत्तावन्नाव्या वर्षी एखादी नवी गोष्ट हाताला बसायला लागली की माणसाला जे वाटतं ते तिला वाटलं. तिने काच थोडी खाली केली. कोपर खिडकीवर टेकवावं की काय, असासुद्धा विचार मनात येऊन गेला. तेवढ्यात गाडी बोलली. पुढून, पायांच्या पलीकडून, खुळ्ळ... खुळ्ळ... खुळ्ळ... पत्र्याच्या डबीत एकच स्क्रू टाकून कुणीतरी ती बसल्या बसल्या हलवत राहावं तसा आवाज. शेजारच्या सीटवर नवरा बसला होता. त्याने मान तिरकी केली.

"हे काय?"

"कुठे काय?"

"आवाज. अकरा वर्षं माझ्या हातात होती, हूं की चूं केलं नव्हतं हिने."

दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, तिने घाईघाईने क्लच दाबून गिअर टाकला आणि गाडी निघाली. रस्त्याच्या गोंगाटात तो आवाज गेला. पुढच्या सिग्नलला परत आला. त्याच्या पुढच्यालाही. चालत्या गाडीत काही नाही, उभी राहिली की सुरू. नवरा प्रत्येक सिग्नलला बोट वर करायचा, "हं, आला बघ," आणि गाडी सुटली की बोट खाली. चौथ्या सिग्नलला तिला त्या आवाजापेक्षा त्या बोटाचाच जास्त राग आला. तो काही वाईट बोलत नव्हता. वाईट बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात," तो हसत म्हणाला, "माझ्या वेळी अंगण सरळ होतं, एवढंच म्हणतो." 'एवढंच म्हणतो' हे त्याचं नेहमीचं शेपूट. ते वाक्याला लागलं की समजावं, म्हणायचं होतं ते सगळं म्हणून झालं. तिलाही आतून तेच वाटत होतं. आपण हात लावला आणि बिघडलं.

गाडी त्याची होती. म्हणजे दोघांचीच, पण एखाद्या घरातली आरामखुर्ची जशी दोघांची असूनही एकाचीच असते तशी. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. शहराच्या पोटातले सगळे नळ, कुठे वळतात, कुठे जोडतात, कुठे नुसतेच संपतात, हे त्याने एकतीस वर्षं बारीक पेनाने कागदावर उतरवलं. मग निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं. आता तो तिच्याशी बोलताना तिच्या कानाकडे बघून बोलतो, तेव्हा कुठे त्याला तिचं नाक दिसतं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली त्या दिवशी तो घरी आला आणि कुरकुर न करता म्हणाला, "विकून टाकू." तिने पँटची शिवण उसवता उसवता म्हटलं, "मी शिकते की." तो हसला. चेष्टेने नव्हे. लहान मुलाने मी आज स्वयंपाक करतो म्हटल्यावर आपण हसतो तसं. "शीक," तो म्हणाला, "झेपेल का बघ, एवढंच म्हणतो."

आणि ती शिकली. शिकवणाऱ्या बाई तिच्यापेक्षा लहान होत्या, पण आवाज हवालदाराचा. मांडीवर कायम गुंडाळलेलं वर्तमानपत्र. पाय क्लचवर एक क्षण जास्त रेंगाळला की ते वर्तमानपत्र गुडघ्यावर बसायचं. "पाय उचला, ताई! क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे. काम झालं, पाय बाजूला." सुरुवातीला तिला ते ऐकून रडू यायचं, नंतर हसू यायला लागलं, आणि पाचव्या आठवड्यात एका सकाळी रिकाम्या रस्त्यावर तिने तिसरा गिअर टाकला तेव्हा गाडी अशी सरकली की तिने चक्क मोठ्याने 'अगं बाई!' म्हटलं. बाईंनी वर्तमानपत्र उलगडलं आणि वाचायला घेतलं. तो तिचा पहिला नंबर. त्यानंतर परीक्षा, परवाना, आणि मग ही घरची गाडी. तीन आठवड्यांत ती भाजीबाजारात गेली, धाग्यांच्या दुकानात गेली, नवऱ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात दोनदा नेऊन आणलं. रोज सकाळी उठल्यावर आज कुठे जायचं हा प्रश्न आपल्याला पडतो, या गोष्टीचीच तिला मजा वाटायची. पूर्वी हा प्रश्न पडायचा नाही. पूर्वी तो गाडी काढायचा आणि ती चपला घालायची.

घरी आल्यावर दोघांनी मिळून गाडीची झडती घेतली. खालच्या पार्किंगमध्ये तिने पुढचा खण रिकामा केला, जॅक आणि पाने जुन्या चादरीत गुंडाळले, सीटखालून एक मुलांची गोटी, दोन पेनं आणि लेकीच्या कानातलं एक, जे हरवल्याबद्दल दहा वर्षांपूर्वी अबोला झाला होता, असं सगळं बाहेर काढलं. गाडी सुरू केली. न्यूट्रल, हँडब्रेक, दोघंही बाहेर. खुळ्ळ, खुळ्ळ. त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि तो कान लावून उभा राहिला. त्याला आतलं नीट दिसत नव्हतं, पण सूचना थांबत नव्हत्या. सायलेन्सरवरचा पत्रा हलव. बॅटरीची पट्टी दाब. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तिने पत्रा हलवला, पट्टी दाबली, बोट भाजून घेतलं. आवाज होता तिथेच होता.

"तू काहीतरी केलंयस," तो म्हणाला. रागाने नाही, कोड्याचं उत्तर सापडल्यासारखं. "क्लच सोडताना दणका देत असशील. नव्या माणसाचं होतं असं. यात वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत."

"फूटपट्टी रविवारी येतोय. त्याला लेकासाठी गाडी हवीच आहे. चांगली आहे तोवर जाऊ दे, असं मला वाटतं. आणखी बिघडली तर कुणी घेणार नाही. आधी मिस्त्रीला दाखवू. हाताचा दोष निघाला तर देऊन टाकू. कबूल?"

फूटपट्टी म्हणजे कचेरीतला त्याचा जुना सहकारी. उंच, सडपातळ, आणि कुठेही गेला तरी काहीतरी मोजून येणारा. तिने 'कबूल' म्हटलं. शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं की आपण केवढी मोठी गोष्ट देऊन बसलो. तिसऱ्या गिअरची ती सकाळ, धाग्यांच्या दुकानाबाहेर पहिल्यांदा एका फटक्यात लावलेली गाडी, रोजचा तो प्रश्न, सगळं रविवारी फूटपट्टीच्या लेकाबरोबर जाणार. आणि तेही योग्यच होईल. हाताला जमत नसेल तर वस्तू का खराब करावी? ती चोवीस वर्षं लोकांचे कपडे लहानमोठे करून देत होती. नवशिक्या हाताने कापलेलं कापड काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाल्कनीत मशीनवर बसली होती. शाळेच्या एका शर्टाच्या बाह्या सोडायच्या होत्या. मशीनचं शटल सैल झालं की ते असंच खुळखुळतं, वेगात शिवताना कळत नाही, हळू केलं की ऐकू येतं. ते ती स्वतः उघडते, पुसते, तेलाचा थेंब सोडते. कधी कुणाला विचारलेलं नाही. मग गाडीच्या आवाजाला आपण एवढं का भ्यालो? त्याने बोट वर केलं म्हणून? मशीन बाल्कनीत होतं, कारण एकदा चपला दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारचा गाळा रिकामा झाला होता. छोटासा, पण रस्त्यावरचा, समोर काच. किल्ली दोन दिवस तिच्याकडे होती. दोन दिवस ती त्या रिकाम्या गाळ्यात जाऊन मनाने मशीन इथे, आरसा तिथे, असं लावत बसली. तो बघायला आला, भिंतींवर हात फिरवला, ओल नाही म्हणाला, आणि जाताना म्हणाला, "घर, लेक, हे, सगळं झेपेल का बघ, एवढंच म्हणतो." तिने रात्रभर बघितलं आणि तिला दिसलं की झेपणार नाही. किल्ली परत दिली. बाल्कनीला काच बसवून घेतली, ती त्यानेच हौसेने बसवून दिली, उजेड कुठून येतो ते मोजूनमापून. उजेड खरंच छान येतो. तिने बाही उलटी केली आणि टीप मारायला घेतली.

मिस्त्रीचं गॅरेज दोन इमारतींच्या मधल्या बोळात होतं. दोन गाड्या मावतील एवढी जागा, तेलाने काळी झालेली फरशी, भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले, आणि प्रत्येक पान्याच्या मागे खडूने त्याचीच आकृती काढलेली. ते बघून तिला बरं वाटलं. तिच्या कात्र्याही अशाच लावलेल्या असतात. मिस्त्री साठीचा, बोलायला काटकसरी. आवाज कधी येतो एवढंच त्याने विचारलं. गाडी उभी असताना, ती म्हणाली. चालताना? नाही. गार असताना की गरम? दोन्ही वेळा. त्याने मान हलवली आणि एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला. त्याचं टोक इंजिनच्या एकेका भागावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, अशी त्याची पद्धत.

"कुणीतरी आत बसा आणि चालू ठेवा," तो म्हणाला.

ती दार उघडणार तेवढ्यात नवरा पुढे झाला. "मी बसतो. उभ्या गाडीत बसायला डॉक्टरांची हरकत नाही. ही उगीच घाबरते."

तो बसला. सात महिन्यांनी. सीट मागे सरकवली, आरसा सवयीने हलवला, आणि गाडी सुरू केली. मिस्त्री बॉनेटखाली वाकला. ती बाजूला पर्स धरून उभी राहिली. इंजिन संथ, एकसारखं चालत होतं. खुळखुळ नव्हती. मिस्त्रीने एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी ऐकलं, मग मान वर केली.

"आवाज कुठाय?"

"अहो, आत्ता येताना होता. प्रत्येक सिग्नलला होता!" ती म्हणाली.

"बंद करून परत लावा."

बंद केली, परत लावली. गाडी गोगलगायीसारखी गप्प. तिसऱ्यांदा लावली तरी तेच. नवऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तिच्या कानाकडे बघत असा हसला, की आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावेना. आजारी पडल्यापासून तो असा हसला नव्हता. "बघ," तो म्हणाला, "माझ्या पायाखाली गप्प बसते. मालक ओळखते." तिला त्याच्यासाठी बरं वाटलं, अगदी खरंच. आणि मग लक्षात आलं. म्हणजे आवाज आपलाच. आपण बसलो की येतो, तो बसला की जातो. आता विचारायचं काय राहिलं?

मिस्त्री हसला नव्हता. तो बॉनेटला वळसा घालून आला होता आणि उघड्या दारातून आत, खाली, नवऱ्याच्या पायांकडे बघत होता. बराच वेळ बघितलं. मग सरळ होऊन म्हणाला, "साहेब, कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो. घेऊन या जाऊन. मला वेळ लागेल." नवरा खुशीत गेला, भिंतीच्या कडेकडेने, एक हात भिंतीला लावून. तो वळल्यावर मिस्त्रीने तिला आत बसायला सांगितलं.

"सुरू करा. न्यूट्रल. आता पाय क्लचवर ठेवा. दाबू नका. नुसता ठेवा, वजन पडेल एवढाच."

तिने ठेवला. काही आवाज नाही.

"उचला."

खुळ्ळ. खुळ्ळ. खुळ्ळ.

"ठेवा."

गप्प.

"उचला."

खुळ्ळ.

तिने मिस्त्रीकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभा होता. "साहेब किती वर्षं चालवतात?" त्याने विचारलं. ती म्हणाली, ही अकरा, आधीची धरून एकतीस. त्याने परत मान हलवली. "पाय ठेवून चालवत असणार कायम. आत एक बेअरिंग असतं, क्लच दाबला की तेवढ्यापुरतंच त्याला काम. काम झालं की त्याने सुटायचं. यांनी सुटूच दिलं नाही. अकरा वर्षं घासत राहिलं ते. आता झिजून सैल झालंय. पाय असला की त्याला टेकायला जागा मिळते, म्हणून गप्प. पाय काढला की खुळखुळतं. तुम्ही पाय काढलात म्हणून कळलं तरी. नाहीतर एक दिवस भर रस्त्यात बसली असती."

"पण ते दाबत नव्हते हो. अलगद चालवायचे. सगळे म्हणायचे, झोप लागावी अशी चालवतात."

"दाबलं असतं तर कळलं असतं, ताई. गाडी घसरते, वास येतो, माणूस सावध होतो. नुसता ठेवलेला पाय कुणाला कळत नाही. ठेवणाऱ्यालाही नाही." मग त्याला आपण फार बोललो असं वाटलं असावं. त्याने हात पुसले. "गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. बेअरिंग, प्लेट दोन्ही बदलू. उद्या सकाळी आणा, दोन दिवसांत देतो. तोवर चालवा, काही होत नाही."

ती गाडीतच बसून राहिली. इंजिन चालू होतं आणि खुळखुळ चालू होती, आणि तिला ती आता अजिबात वाईट वाटत नव्हती. तिचा आनंद एवढा साधा होता की तिला त्याची लाजच वाटली. मी नाही. मी काही केलं नाही. उलट मी बरोबर केलं म्हणून आवाज आला. ज्या दिवशी भीती गेली त्या दिवशी आला. पहिले तीन आठवडे मीही घाबरून पाय दाबूनच बसत होते, म्हणून गाडी गप्प होती. हे सगळं एकामागोमाग उलगडत गेलं, आणि मग उलगडता उलगडता जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबलं नाही. नुसता ठेवलेला पाय. ती सुखी होती, हे तिला स्वतःला पटवून द्यावं लागत नव्हतं. चौतीस वर्षांत त्याने तिच्यावर आवाज चढवला नव्हता, ताटातलं ढकललं नव्हतं, तिच्या माहेरच्यांना कधी उणं बोलला नव्हता. बहिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. काढलंच होतं. फक्त फोन वाजला आणि लेक असली की तो आधी म्हणायचा, "आई मजेत आहे," आणि मग फोन तिच्या हातात द्यायचा; आणि आई मजेत आहे म्हटल्यावर आईने पुढे काय बोलायचं? डॉक्टर तिला विचारायचे झोप कशी लागते, आणि तो सांगायचा, छान लागते. कधीतरी ती मशीनवर गुणगुणत होती, मोठ्याने नाही, धाग्याबरोबर आपलं चाललेलं, आणि तो म्हणाला, "छान म्हणतेस गं. खालचे लोक दुपारी झोपतात, एवढंच म्हणतो." त्यानंतर तिने गुणगुणणं सोडलं असं नाही, ते आपोआप आलंच नाही. एकदाही त्याने दाबलं नव्हतं. दाबलं असतं तर ती भांडली असती. तिला भांडता येत होतं, तिच्या आईकडून ते तिला चांगलंच मिळालं होतं.

आणि तरी सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं व्हावं, एवढीही ती लबाड नव्हती. टेकायला जागा मिळते, म्हणून गप्प. तिला ती जागा आवडली होती. गाळ्याची किल्ली परत केली तेव्हा वाईट वाटलं होतं, पण कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं, ते ती कशी विसरेल? आपण खुळखुळलो नाही म्हणजे आपल्याला काही त्रास नव्हता, की आपण झिजत होतो? तिला वाटलं, दोन्ही. दोन्ही खरं असू शकतं. कापडाला उलटी बाजू असते म्हणून सुलटी खोटी ठरत नाही. तिने इंजिन बंद केलं. बोळात एकदम शांतता झाली, आणि पलीकडून नवरा एका हातात चहाचा कागदी पेला घेऊन, सांडू नये म्हणून फार जपून, येताना दिसला. पेला तिच्यासाठी होता. साखर जास्त, तिला आवडते तशी. त्याला सगळंच कळत नव्हतं असंही नाही.

"काय निघालं?" गाडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं.

"बेअरिंग गेलंय एक. उद्या सोडायची."

ती चहा पिऊन निघाली. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्यावी, असं तिने चहाच्या तिसऱ्या घोटाला ठरवलं होतं. गाडी जुनी झाली, असं म्हणायचं. कुणाचाच दोष नाही. आधीच त्याचे डोळे गेले, पेन गेलं, गाडी गेली. उरलं काय, तर आपण गाडीला कधी दुखवलं नाही एवढा अभिमान, आणि आज तो खिडकीतून हसला ते हसू. ते काढून घेऊन आपल्याला काय मिळणार? पण तो काही गप्प बसणारा नव्हता. दोन सिग्नल हिरवेच मिळाले. तिसऱ्याला खुळखुळ सुरू झाली, त्याचं बोट वर गेलं, आणि तो तिच्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, समजुतीने म्हणाला, "तू जिवाला लावून घेऊ नकोस. काही काही गोष्टी काही काही माणसांच्या हातात बसत नाहीत. माझ्या पायाखाली ती गप्प होती, तूही बघितलंस. मी फूटपट्टीला आत्ताच फोन करतो." आणि त्याने खिशातून फोन काढला.

तो रागाने बोलला असता तर ती नक्की गप्प बसली असती. त्या मऊपणानेच तिला धरलं. तिने सिग्नल ओलांडला, पुढे एका बंद फर्निचरच्या दुकानासमोर गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालू ठेवलं.

"अहो, फोन ठेवा. ऐका," ती म्हणाली. "आवाज येतोय?"

"येतोय."

तिने पाय क्लचवर नुसता ठेवला. "आता?"

"नाही." त्याने भुवया उंचावल्या. "काय केलंस?"

"पाय ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला. तुम्ही ठेवायचात तसा. मिस्त्रीने बघितलं. अकरा वर्षं ठेवत होतात, त्याने ते बेअरिंग झिजलं, आणि पाय होता म्हणून कळलं नाही. माझ्या हाताचा दोष नाहीये तो. मी पाय काढला म्हणून आवाज आला."

एका दमात बोलून झालं. त्याचा फोन मांडीवर पडला होता. मग तो म्हणाला, "परत कर." तिने पाय उचलला, ठेवला. "आणखी एकदा." तिने तिसऱ्यांदा केलं. कचेरीत त्याची ही ख्याती होती. एकदा मोजलं तर अंदाज, दोनदा मोजलं तर योगायोग, तिसऱ्यांदा जुळलं तर रेघ मारायची. मग त्याने मान खिडकीकडे वळवली आणि डोळ्यांच्या कडेने खाली, स्वतःच्या पायांकडे बघितलं. तिनेही बघितलं. शेजारच्या सीटसमोर, जिथे ना क्लच ना ब्रेक, नुसती रबरी मॅट, तिथे त्याचा डावा पाय थोडा पुढे सरकून, टाच टेकून, चवडा अलगद काहीतरी धरून ठेवल्यासारखा बसला होता. त्याने तो हळूच मागे घेतला.

"चोराच्या उलट्या बोंबा झाल्या की," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. हात पुढे करून काहीतरी बोलावं, जाऊ दे म्हणावं, एवढं काही नाही म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं, आणि तिने ते म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याची शांतता तिने भरून काढली नाही. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. गाडी आपली संथ चालू होती, खुळ्ळ, खुळ्ळ.

"फूटपट्टीला काय सांगू?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"द्या इकडे, मी सांगते." तिने फोन घेतला, नंबर लावला. "नमस्कार. रविवारी येऊ नका, म्हणजे या, जेवायला या, पण गाडी द्यायची नाही. हो, नक्की. नाही, त्यांना दिसत नाही, पण मला दिसतं ना. मी चालवते." फोन बंद करून तिने तो त्याच्या मांडीवर ठेवला. एवढं सरळ वाक्य आपण कुणाला विचारल्याशिवाय बोललो, याचं तिला नवल वाटलं, आणि मग नवल वाटल्याचं हसू आलं.

तिने हँडब्रेक सोडला. घर इथून चार मिनिटांवर होतं, पुढच्या चौकातून उजवीकडे. तिने पहिला गिअर टाकला, तेवढ्यात त्याने तिच्या हातावर हात ठेवला, आणि ठेवल्याबरोबर, काहीतरी आठवल्यासारखा, उचलून घेतला.

"अगं," तो म्हणाला, "आणखी कुठे कुठे पाय ठेवून बसलोय मी?"

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तराला तो भ्यालाही होता. तिने त्याच्याकडे बघितलं, आरशात मागचा रस्ता बघितला, आणि चौकात डावीकडे वळायचा दिवा लावला.

"चार मिनिटांत नाही व्हायचं ते सांगून," ती म्हणाली. "लांबच्या रस्त्याने घेते."